ऑपरेशनच्या आधीचे दोन किलो आणि नंतरचे दोन किलो

ताई, तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. वय ३८, उंची १५८ सेंटिमीटर, वजन १०१ किलो. बीपीची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात, घोरण्यावरून घरचे चिडवतात. सर्जननी स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून वजन उतरवायचं ऑपरेशन, सुचवली आहे. गेले तीन महिने काटा ९९ ते १०४ मध्ये फिरतोय. आहारतज्ज्ञ म्हणतात, ऑपरेशनआधी चार-पाच किलो उतरवा. विमा एजंट म्हणतो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) ४० च्या खाली गेला तर क्लेम अडकेल, वजन टिकवा. त्यात जाऊबाईंच्या भावाने चार वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन केलं आणि त्यांचं वजन पुन्हा वाढू लागलंय. म्हणून तुम्ही विचारताय, ‘आधीही वर-खाली, नंतरही वर-खाली, मग पोट कापून घ्यायचं कशाला?’

मी बॅरिअ‍ॅट्रिक (वजन कमी करण्याची ऑपरेशनं करणाऱ्या) सर्जनच्या टीममध्ये आहारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करते. काट्यावरचा प्रत्येक किलो तुम्ही चरबीच्या खात्यात लिहिताय, सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. काट्याला चरबी कळत नाही. त्याला पाणी, मळ, जेवण, सूज, स्नायू सगळं सारखंच. त्यामुळे ऑपरेशनआधी चढलेले दोन किलो, हॉस्पिटलमधून घरी आल्यावर दिसणारे दोन किलो, तिसऱ्या आठवड्यात न उतरलेले दोन किलो आणि तिसऱ्या वर्षी परत आलेले दोन किलो यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. कुठल्या दोन किलोंकडे दुर्लक्ष करायचं आणि कुठल्यासाठी डॉक्टरांना फोन करायचा, एवढं समजलं की निम्मी धास्ती जाते.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. स्लीव्ह की बायपास (जठर लहान करून अन्न थेट आतड्याच्या पुढच्या भागात वळवायचं ऑपरेशन), शुगर-थायरॉईड आहे का, गोळ्या कुठल्या, पाळी नियमित आहे का, यावर उत्तर बदलतं. तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत. तुमच्या टीमने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

आधी पाण्याचा हिशोब. शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा करून ठेवतं, तो म्हणजे ग्लायकोजेन. मोठ्या माणसात तो साधारण चारशे-पाचशे ग्रॅम असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. म्हणजे हा साठा रिकामा झाला की दीड-दोन किलो उतरतात आणि भरला की तेवढेच चढतात, चरबी जागची हललेली नसताना. त्यावर मीठ आलं. लोणचं, पापड, फरसाण, बाहेरची मिसळ झाली की दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर. पाळीच्या आधी बऱ्याच जणींचं पाणी साठतं. दोन दिवस पोट साफ झालं नाही तर तेही काट्यावर दिसतं. उलट बाजूने बघा: एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. एका रात्रीत किलोभर चरबी चढायची तर रोजच्या गरजेच्या वर एवढं खावं लागेल. लग्नाच्या पंगतीत कितीही आग्रह झाला तरी एका माणसाला ते जमणं कठीण आहे. तुमचा ९९ ते १०४ चा खेळ बराचसा या पाण्याचा असणार.

म्हणून आधी मोजायची पद्धत लावून घ्या. सकाळी उठल्यावर, संडास-लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत, एकाच काट्यावर. काटा फरशीवर ठेवायचा. सतरंजीवर किंवा रगवर ठेवलेला काटा चुकीचं वजन दाखवतो. आठवड्यातून एकदा पुरे. रोज मोजल्याशिवाय चैन पडतच नसेल तर रोज मोजा, पण वहीत सात दिवसांची सरासरी लिहा आणि या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहा. शेजारी पाळीची तारीख आणि महिन्यातून एकदा कमरेचा घेर लिहा. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई घरी, ऑफिसखालच्या मेडिकलमध्ये आणि आमच्या ओपीडीत अशा तीन काट्यांवर वजन करायच्या आणि तिन्ही आकडे एकाच रकान्यात मांडायच्या. त्या वहीतून कुणालाच काही कळणं शक्य नव्हतं.

आता ऑपरेशनआधीचं वजन. आहारतज्ज्ञांनी सांगितलेले चार-पाच किलो तुमची परीक्षा घेण्यासाठी नाहीत, ते यकृतासाठी आहेत. दुर्बिणीतून स्लीव्ह करताना यकृताचा डावा भाग वर उचलून धरावा लागतो, कारण जठराचा वरचा भाग त्याच्याखाली असतो. शंभर किलोच्या आसपास वजन असलेल्या बहुतेकांचं यकृत चरबीने भरलेलं, जड आणि ठिसूळ झालेलं असतं. ते नीट उचललं जात नाही, धक्का लागला तर रक्तस्राव होतो. दोन ते चार आठवडे कमी कॅलरीचा, कमी कर्बोदकांचा आहार घेतला की ते आकसतं, आणि आकसण्याचा मोठा भाग पहिल्या दोन आठवड्यांतच होतो. म्हणून बहुतेक ठिकाणी शेवटचे दोन आठवडे दिवसाला ८०० ते १००० कॅलरींचा आहार देतात: ताक, मुगाच्या डाळीचं कढण, भाज्यांचं सूप, अंड्याचा पांढरा भाग किंवा पनीर, प्रोटीन पावडर. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते. मग सवय होते. या काळात काटा पाच किलोंऐवजी तीन किलोच उतरला तरी जीव टांगणीला लावू नका. सर्जनना आकड्यापेक्षा यकृत बारीक झालेलं हवं असतं, आणि आहार पाळला असेल तर ते होतं.

याच्या उलट जे घडतं तेही सांगते, कारण तुमचे १०४ किलो बहुधा त्यातलेच असावेत. तारीख ठरली की घरात ‘शेवटचं खाऊन घे’ सुरू होतं. आज बिर्याणी, उद्या मस्तानी, परवा माहेरी पुरणपोळी. त्यामागची माया कळते. शिवाय ऑपरेशननंतर हे सगळं कायमचं बंद होतं हा समजच चुकीचा आहे. वर्षभराने अर्धी पुरणपोळी सावकाश चावून खाता येते, बहुतेकांना ती सोसते. त्यामुळे आहार सुरू होण्याआधीच्या रविवारी घरच्यांबरोबर जेवा, पण त्या दोन आठवड्यांच्या मध्ये सूट घेऊ नका. एका दिवसाच्या भात-पोळी-गोडाने ग्लायकोजेनचा साठा आणि त्याचं पाणी परत भरतं.

एक सूचना शुगर असलेल्यांसाठी, तुम्हाला नसली तरी इथे कुणालातरी उपयोगी पडेल. या आहारात इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी आधीच्याच डोसमध्ये चालू ठेवली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या कमी कर्बोदकांच्या आहारात आणि ऑपरेशनच्या आसपास घेतल्या तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो, तोही साखर फारशी वाढलेली नसताना. आहार सुरू करायच्या आधी गोळ्यांची पट्टी डॉक्टरांपुढे ठेवा. बीपीची गोळीसुद्धा या काळात काहींना जास्त होते. उठल्यावर चक्कर येत असेल तर कळवा.

विम्याचं कोडं जरा किचकट आहे. वैद्यकीय दृष्टीने तुम्ही ९९ वर असा की ९५ वर, ऑपरेशनला पात्रच आहात. २०२२ साली अमेरिकेतल्या आणि जागतिक बॅरिअ‍ॅट्रिक संघटनांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत बीएमआय ३५ च्या वर इतर आजार असो-नसो ऑपरेशनचा सल्ला आहे, आणि आशियाई लोकांसाठी मर्यादा आणखी खाली आणली आहे. विम्याचे शब्द मात्र वेगळे आहेत. आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, प्रमाणित वाक्यरचनेत बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत ठरावीक गंभीर आजार, अशी अट आहे. त्या आजारांत लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास थांबत राहण्याचा आजार) आणि उपचार घेऊनही आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह येतात. बीपी आणि गुडघेदुखी त्यात नाहीत. तुमच्या उंचीला बीएमआय ४० म्हणजे ९९.९ किलो, म्हणून एजंट घाबरलाय.

तरीही वजन मुद्दाम वाढवायचं किंवा टिकवून धरायचं, हे करू नका. क्लेम पास व्हावा म्हणून यकृत जड ठेवून टेबलावर जाण्यात शहाणपण नाही. त्याऐवजी तीन गोष्टी करा. एक, उंची अनवाणी, भिंतीला टाच लावून नीट मोजून घ्या. चपला घालून मोजलेली उंची फाईलमध्ये गेली तर बीएमआय फुकट कमी होतो: ९९ किलोला १५८ सेंटिमीटर धरले तर ३९.७ येतो, १५७ धरले तर ४०.२. दोन, ज्या दिवशी सर्जननी ऑपरेशनचा सल्ला दिला त्या दिवशीचं वजन, उंची आणि बीएमआय ओपीडीच्या कागदावर तारखेसह लिहिलेले आहेत का बघा. नंतरची घट ही डॉक्टरांनीच सांगितलेल्या आहारामुळे झाली, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. मग हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या खिडकीवर, विचारा की तुमची कंपनी सल्ल्याच्या वेळचा बीएमआय धरते की दाखल होतानाचा. हे पॉलिसीनुसार बदलतं, काही पॉलिसींत या ऑपरेशनसाठी वेगळा प्रतीक्षाकाळही असतो, त्यामुळे उत्तर ईमेलवर घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका. तीन, झोपेची चाचणी करून घ्या. घोरणं तुम्ही चिडवण्यावारी नेलंय, पण त्यात स्लीप अ‍ॅप्निया निघाला तर भूलतज्ज्ञांना ते आधी माहीत असणं तुमच्या जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. तो तीव्र निघाला तर विम्याचा प्रश्नही वेगळ्या वाटेने सुटू शकतो, पण चाचणी विम्यासाठी करायची नाही.

आता ऑपरेशननंतर. हॉस्पिटलमधून घरी आल्या आल्या काट्यावर उभ्या राहू नका. दोन-तीन दिवस सलाईन चालू असतं, शरीर ऑपरेशनच्या ताणाने पाणी धरून ठेवतं, पोट साफ झालेलं नसतं. त्यामुळे काही खाल्लेलं नसताना वजन ऑपरेशनच्या दिवसापेक्षा दोन-तीन किलो जास्त दिसू शकतं. ते लघवीवाटे निघून जातं. पहिलं वजन टाके दाखवायला याल तेव्हा, आमच्याच काट्यावर. त्या आठवड्यात लक्ष नाडीकडे, तापाकडे आणि पोटाच्या किंवा डाव्या खांद्याच्या दुखण्याकडे द्यायचं. नाडी सतत जलद वाटली तर रात्री-बेरात्रीसुद्धा फोन करायचा.

मग तिसरा आठवडा येतो, आणि आमचे फोन वाजायला लागतात. पहिल्या दोन आठवड्यांत भराभर उतरलेलं वजन अचानक थांबतं. रोज वाटीभर पातळ खाऊन काटा हलत नाही म्हटल्यावर माणूस खचतो, आणि घरातलं कुणीतरी ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणतंच. कारण साधं आहे. सुरुवातीच्या घटीत ग्लायकोजेनबरोबरचं पाणी बरंच होतं. द्रवावरून मऊ अन्नावर येताना थोडी कर्बोदकं परत येतात, शरीर थोडा साठा आणि पाणी परत भरून घेतं. आत चरबी जळतच असते, पण तेवढंच पाणी येत असल्यामुळे बेरीज शून्य दिसते. बहुतेकांचं हे आठवडा-दोन आठवड्यांत सुटतं. पुढे तिसऱ्या-सहाव्या महिन्यातही असे थांबे येतात.

या थांब्यात लोक खाणं आणखी कमी करतात, आणि तिथे माझं त्यांच्याशी वाजतं. तुम्हाला दिवसाला किमान ६० ग्रॅम, जमल्यास ८० ग्रॅमपर्यंत प्रथिनं लागणार आहेत, नाहीतर उतरणाऱ्या किलोंत स्नायू जातील. शाकाहारी घरात हे किती अवघड आहे बघा: वाटीभर नेहमीच्या वरणात चार-पाच ग्रॅम, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, आणि शंभर ग्रॅम पनीर तुमच्या नव्या पोटात एका वेळी मावणार नाही. जठराचा पाऊण भाग किंवा थोडा जास्तच काढलेला असतो. म्हणून पावडरचा एक स्कूप, ज्यात वीस-पंचवीस ग्रॅम मिळतात, तो पहिले काही महिने औषधासारखा घ्यायचा. नातेवाईक ‘कशाला ती जिमवाल्यांची पावडर’ म्हणतील. म्हणू देत. पाणी दीड-दोन लिटर, घोट घोट, जेवणाबरोबर नाही. आणि व्हिटॅमिन-कॅल्शियमच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत.

काही बदलांना मात्र पाण्याचा खेळ समजून सोडून द्यायचं नाही. रोज उलट्या होतायत, पाणीही टिकत नाही आणि वजन झपाट्याने उतरतंय, अशा वेळी लोक खूश होतात. खूश होऊ नका. दोन-तीन दिवस असं चाललं तर डॉक्टरांकडे जा. सतत उलट्यांनी शरीरातलं थायमिन म्हणजे बी-१ संपतं आणि त्याचा परिणाम मेंदूवर होऊ शकतो. उलट बाजूला, खाणं अगदी कमी आणि काटा मात्र चढतोय, असं झालं तर घोट्याच्या वर नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खळगा पडून तसाच राहिला तर ती सूज आहे. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळीने पाय सुजू शकतात, पण प्रथिनं फार कमी पडली तरी सूज येते, विशेषतः मिनी बायपास झालेल्या शाकाहारी रुग्णांत. अशांचं वजन स्थिर दिसतं आणि आत स्नायू जात असतात. सुजेबरोबर धाप लागत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

कुठवर उतरेल, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते आधी ठरवलं नाही तर पुढे निराशा नक्की. स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात मूळ वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के घट धरून चाला. तुमच्या बाबतीत १०१ वरून ७१ ते ७६ च्या दरम्यान. कुणाचं जास्त उतरतं, कुणाचं कमी. उंचीप्रमाणे ‘आदर्श’ म्हणून जो ५५-५७ चा आकडा सांगतात, तो डोक्यातून काढा. ७५ किलोला बीपीची गोळी कमी झाली, जिना चढता आला, घोरणं थांबलं तर ऑपरेशन यशस्वी झालं असं मी म्हणते. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसऱ्यांच्या महिन्याच्या आकड्यांशी तुलना करू नका. १३० किलोंवरून सुरुवात केलेल्या पुरुषाचं पहिल्या महिन्यात तुमच्यापेक्षा जास्त उतरणारच.

नीचांक गाठला की वजन थोडं वर येतं. हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. १९८७ साली सुरू झालेल्या स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांची घट एक-दोन वर्षांनी सरासरी ३२ टक्के होती, दहा वर्षांनी २५ टक्के. म्हणजे काही परत आलं, पण बरंचसं गेलेलंच राहिलं. तुम्ही २८ किलो उतरवले आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत त्यातले दोन-तीन किलो परत आले, तर मी वही बघेन, पण घाबरणार नाही. चार किलोंच्या वर जाऊन तीन महिने तिथेच राहिले, किंवा दर महिन्याला थोडं थोडं चढतच गेलं, तर मात्र दहा किलो व्हायची वाट न बघता या.

वजन परत चढण्याचं कारण बहुतेकदा जेवणात सापडत नाही. जेवणाला स्लीव्ह अडवते: घट्ट भाकरी-भाजी, चिकन चार घासांत पोट भरवतात. पण चहात बुडवलेली खारी, चिवडा, वेफर्स, आईस्क्रीम, आमरस हे सगळं न अडता खाली जातं, आणि तासाभराने परत जागा होते. ‘ताई, मी तर दोन पोळ्याही खात नाही’ असं सांगणाऱ्यांच्या चार वाजताच्या आणि रात्री टीव्हीसमोरच्या नोंदी मी आधी मागते. पुरुषांत दारू हे दुसरं कारण. या ऑपरेशनांनंतर ती लवकर चढते आणि तिच्या कॅलरी मोजल्या जात नाहीत. उपवासाचंही तसंच. दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी साबुदाणा खिचडी, यात प्रथिनं जातात आणि वजन राहतं. नवरात्र पाळायचंच असेल तर दूध, दही, पनीर, शेंगदाण्यावर पाळा.

जाऊबाईंच्या भावाचं नेमकं काय झालं हे त्यांना पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. किती उतरलं होतं, त्यातलं किती परत आलं, हे दोन आकडे आधी हवेत. बऱ्याचदा १३५ चे ९० झालेले आणि आता ९८ वर असलेले गृहस्थ सगळ्या नात्यात ‘फेल गेलेली केस’ म्हणून ओळखले जातात. त्यांचं खरंच बरंच परत आलं असेल तरी मार्ग बंद नाहीत. स्लीव्ह सैलावली आहे का हे दुर्बीण घालून किंवा स्कॅनवर दिसतं, थायरॉईड आणि नवीन चालू झालेल्या गोळ्या तपासता येतात, वजनासाठीची इंजेक्शनं आता मिळतात, काहींना दुसरं ऑपरेशन लागतं. अडचण अशी असते की वजन वाढलं की माणूस लाजून फॉलोअपला यायचंच बंद करतो. त्यांना म्हणावं, डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनच्या नोंदी घेऊन त्याच सर्जनकडे जा, नाहीतर दुसऱ्या बॅरिअ‍ॅट्रिक सर्जनकडे, आणि जाताना एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), बी-१२, व्हिटॅमिन डी आणि हिमोग्लोबिनचे ताजे रिपोर्ट जवळ ठेवा.